सोनगीरच्या कुरणातला पानभुंगा

सोनगीरच्या किल्ल्यामागच्या कुरणात धुरपदाबाई गवत कापायची आणि भारे आग्रा रोडवर नेऊन विकायची. त्रेपन्न सालच्या भादव्यात पितांबर मास्तर जाळी आणि बाटल्या घेऊन तिथं आले. ते धुळ्यात राहायचे आणि कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायचे. पानं खाणारा एक तांबूस भुंगा त्यांना हवा होता. तीन दिवस उन्हात फिरूनही तो सापडेना.

शेवटी त्यांनी बाईला विचारलं. ती म्हणाली, "दुपारले तो गवतना मुयमा दपस, मास्तर. सकायले दव ऱ्हास तवय या."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं एका रानवेलीचं पान उलटं केलं. दुपारी गवताच्या मुळाशी लपणारा भुंगा आता पानाखाली होता. तिनं तो डाव्या हातानं बाटलीत टाकला. उजवा हात पदराखाली. मास्तरांनी विचारलं तेव्हा तिनं नाइलाजानं दाखवला. विळा लागून पाच दिवस झालेले, हळद दाबून चिंधी बांधलेली, आणि हात कोपरापर्यंत सुजलेला.

"अक्का, आत्ताच्या आत्ता धुळ्याला चला."

"मन्हा भारा पडेल शे."

"पडू द्या." त्यांनी जाळी तिथंच टाकली आणि रस्त्यावर जाऊन एस.टी. थांबवली.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर हात कापावा लागला असता. अकरा दिवस इंजेक्शनं झाली. मास्तरांच्या पत्नी सुनंदाबाई घरून रोज डबा आणायच्या, जवळ बसून जेवू घालायच्या. नवरा गेल्यापासून धुरपदाबाईला असं कुणी भरवलं नव्हतं.

पुढं दर भादव्यात ती आगपेटीत ओलं पान घालून भुंगे ठेवी आणि मास्तरांसाठी धुळ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देई. एकदा तिनं कुरणाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे भुंगे वेगवेगळ्या दोन आगपेट्यांत पाठवले आणि निरोप दिला, "वरला अंगना भुंगास्ले तीन ठिपका शेतस, खालला अंगनास्ले दोन."

मास्तरांनी भिंग लावलं. खरंच होतं. मोठ्या जाणकारांकडे तपासणीला पाठवलं. सत्तावन्न साली उत्तर आलं: तीन ठिपक्यांची ही वेगळी उपजात, आजवर कुणी नोंदवलेली नव्हती. हे सांगायला मास्तर स्वतः सोनगीरला आले. म्हणाले, "अक्का, हे तुमच्यामुळं कळलं. तुमचे उपकार आहेत."

धुरपदाबाई हसली. "उलटं बोलतस तुम्ही. त्या किडाना मुये मन्हा हात वाचना." मग तिनं चूल पेटवली आणि मास्तरांना जेवल्याशिवाय हलू दिलं नाही.