उजव्या बरणीची लाल लोकर

या, जरा जवळ सरका. तुम्हालाच म्हणतेय. गणपतीत आपल्या मंडळात दोन वर्षं ती पोरगी वाढायला यायची, आणि तुम्ही तिला "जंतूवाली" म्हणून लांबूनच प्रसाद घ्यायचात. बाई गं, तू करतेस तरी काय, असं एकानेही विचारलं नाही. मला ठाऊक आहे, कारण हौगांगच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली तिला दिली होती.

पहिल्याच दिवशी तिने दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. "सारखेच आहेत ना, काकू? मग दोन्ही तळवे वर करून एकावर एक ठेवा बघू." ठेवले, तर अंगठे दोन दिशांना. दिसेल त्याला ती हे करायला लावायची. लिटिल इंडियातला भाजीवालाही भेंडी खाली ठेवून हात जुळवत बसला होता.

विद्यापीठात ती जिवाणूंच्या कवचावर काम करायची. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचून. म्हणून तिने ते मला माझ्या क्रोशावर समजावलं. साखरेचे लांब दोरे, आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे टाके. ही जाळी भोवती असते म्हणून जिवाणू फुटत नाही. प्रथिनांतली अमिनो आम्लं सगळी डाव्या हाताची. जाळीत मात्र जिवाणू काही उजवी, आरशातली घालतो, म्हणून प्रथिनं कातरणाऱ्या कात्र्या तिथे चालत नाहीत.

बोलता बोलता ती माझ्या हाताकडे बघून थांबली. मी डावखुरी. लहानपणी त्या हातावर पट्ट्या खाल्ल्या. तेव्हापासून विणायला डावा, पण वाढायला उजवाच.

"काकू, तुमच्या अंगातली प्रथिनं डाव्याच हाताची आहेत," ती म्हणाली. "लाजता कुणाला?"

त्या दिवशी तिला आमटी मी डाव्या हाताने वाढली. थोडी सांडली. सवय कुठे होती?

मग तो गुरुवार. तिच्या नोकरीचा महिना उरला होता. प्रयोग वेळेत झाला तर मुदत वाढणार, नाहीतर कामाचा पास संपून हा देश सोडायचा. तिच्या जिवाणूंना ॲलॅनिन नावाचं अमिनो आम्ल उजव्या हाताचं करताच येत नसे, ते बाहेरून घालावं लागे. शेजारी शेजारी दोन बरण्या, एकीत उजवं, एकीत डावं, दोन्हींत सारखीच पांढरी पूड. घाईत तिने डावी घातली. सकाळी बघते तर दुधासारखा गढूळ फ्लास्क पाण्यासारखा नितळ. जाळीशिवाय सगळे फुटून गेलेले.

"सगळ्यांना तळवे दाखवत फिरते, आणि मीच चुकले," एवढंच म्हणाली. जेवली नाही. पण साहेबांना चूक आपलीच, हे तिने आधी सांगून टाकलं होतं.

मी काय करणार? लाल लोकरीचा तुकडा तोडून दिला. म्हटलं, उजव्या बरणीच्या गळ्यात बांध.

"दृष्ट लागू नये म्हणून का, काकू?"

"नाही गं. तुझी नजर पडावी म्हणून."

प्रयोग पार पडला, पण चार दिवस उशिरा. मुदत वाढली नाही. चांगी विमानतळावर आत जाताना ती वळली आणि तिने उजवा तळवा वर केला. मी डावा केला. समोरासमोर, आरशात दिसावं तसे.

परवा फोटो आला. दुसरा देश, दुसरी प्रयोगशाळा, आणि बरणीच्या गळ्यात तोच दोरा, पार विटलेला. खाली लिहिलंय, काकू, नवी लोकर पाठवा.

नाही पाठवत. अगं, लोकरीचा गुंडा तुझ्याच खोलीत खिडकीत ठेवलाय. न्यायला ये. लवकर ये.