सनाची मुंगी

नसरीनच्या नवऱ्याचा, रशीदभाईंचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या गंजगोलाईत चिंच घेत उभी होते. "ताई, नसरीन राहिली न्हाई," एवढंच ते म्हणाले. आणि मी म्हणाले, "बरं." असल्या वेळी तोंडातून काय निघेल याचा नेम नसतो. ती आजारी होती, हे होणार होतं, सगळं ठाऊक होतं, तरी नांदेडला पोहोचेपर्यंत मला वाटत होतं, दार तीच उघडेल आणि म्हणेल, "चप्पल बघून काढ गं, उंबऱ्यापाशी मुंग्या हायत."

नांदेडच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवलं. ती प्राणिशास्त्र, मी मराठी. पण मुंग्यांचं वेड तिला कॉलेजनं नाही, तिच्या लेकीनं लावलं. सना लहान असताना आम्ही सगळे सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला गेलो होतो. धबधबा राहिला बाजूला, इस्लापूरच्या रानात सना ओरडली, "अम्मी, मुंगीनं उडी मारली!" आम्ही हसलो. नसरीन मात्र गुडघ्यांवर बसली. मोठे डोळे, चिमट्यासारखा लांब जबडा, आणि खरंच, टुणकन उडी! पुढच्याच वर्षी सना तापानं गेली... तिच्याबद्दल नसरीन कधी बोलली नाही. ती पुन्हा पुन्हा इस्लापूरला जाऊ लागली.

या उड्या मारणाऱ्या मुंग्यांचा वंश लहान, जाती मोजक्याच. इस्लापूरची मुंगी त्यांतल्या कुठल्याच जातीत नीट बसत नव्हती. पाठीवरच्या रेषा जास्त खोल, जबडा जरा आखूड. जात नवी ठरली तर नाव ठेवायचा मान नसरीनचा, आणि ते काय असणार हे विचारायची गरज नव्हती. जगभरच्या पुस्तकांत सना राहणार होती. आम्ही तर तिला आधीपासूनच 'सनाची मुंगी' म्हणायचो. साऱ्या सुट्ट्या ही बाई रानातले वाळके ओंडके उलथवत काढायची. मी चिडवायचे, "हत्ती होऊन ओंडके ओढण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. तू तर मुंगीसाठी ओंडके ओढून राहिलीस!" ती हसायची आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावायची.

मागच्या वर्षी आजार कळल्यावर ती हट्टानं माहूरच्या डोंगरात गेली. तेवढा टापू पाहायचा राहिला होता. तिथं तिला जे सापडलं, ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं. एकाच वारुळातल्या मुंग्या. काहींच्या रेषा खोल, काहींच्या उथळ, जबडे आखूड, लांब आणि अधलेमधलेही. म्हणजे जात एकच, आणि तीही जुनीच.

"माहूरची पेटी ठेव बाजूला," मी म्हणाले. "कोण येतंय बघायला?"

"मी बघितलंय न," ती म्हणाली. "लेकीला खोट्यात ठेवू का, मंगल?"

मला तिचा राग आला. आजही येतो. तिनं स्वतःच्या हातानं पेटीत टोचून ठेवलेल्या प्रत्येक मुंगीच्या टाचणीखालची सनाच्या नावाची चिठ्ठी काढली आणि जुन्या जातीच्या नावाची लावली. मला हात लावू दिला नाही. सनाच्या दफनाला आम्ही बायका गेलो नव्हतो. त्या दुपारी मला वाटलं, ते मी आज पाहते आहे.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेह्याला मी गेले. पाहुणे पांगल्यावर रशीदभाई मला तिच्या खोलीत घेऊन गेले. डांबराच्या गोळ्यांचा वास तसाच होता. आयुष्यभर कापडाचं दुकान सांभाळलेला हा माणूस. मुंग्यांकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांनी कपाटातली पेटी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ताई, ह्यातली सनाची कोणती हो? नसरीननं दाखवलीच न्हाई कधी."

म्हणजे नवी जात नाही, हे नसरीननं त्यांना सांगितलंच नव्हतं. पेटीतल्या साऱ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं. मी काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही."

ते वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. "लई नाजूक हाय," म्हणाले. नसरीन असती तर तिनं त्याच क्षणी माझा हात बाजूला केला असता. म्हणून मी बोट उचललं नाही... कितीतरी वेळ तसंच ठेवून वाट पाहिली.