लिंबाखाली पुरलेला अध्यक्ष

ती घटना आजही नारळ फोडताना आठवते. नावं कुणाचीच सांगणार नाही; सगळे हयात आहेत आणि सगळ्यांना माझं घर माहीत आहे.

मी तेव्हा जाफराबादकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दरारा असा की मी जीपमधून उतरलो की गावची कुत्रीसुद्धा डाव्या बाजूनं चालायची. पण त्या सकाळी अर्धं गाव ठाण्यासमोर जमलं आणि मलाच घाम फुटला. सोयाबीनचं बियाणं करणाऱ्या शेतकऱ्यांच्या कंपनीचा अध्यक्ष दोन दिवसांपासून बेपत्ता होता. फोन घरीच, बंद करून ठेवलेला. त्याची आई माझ्या टेबलासमोर बसली ती उठेना.

"साहेब, माझ्या लेकराला त्याच्या चुलतभावानंच संपवलं. भर सभेत बोलला व्हता, तुला गाडून टाकीन म्हणून."

हा चुलतभाऊ म्हणजे कंपनीचा उपाध्यक्ष. भांडण कशावरून, तर पुस्तकांवरून. अध्यक्ष पुण्याला प्रशिक्षणाला गेला होता. तिथल्या गुरुजींनी वाचायला सांगितलेली पुस्तकं त्यानं पोतं भरून आणली. धंदा कसा वाढवावा, भांडवल कसं उभारावं, कंपनीचा पुढारी कसा असावा. प्रत्येक संचालकानं एकेक वाचायचं आणि सोमवारच्या सभेत उभं राहून सांगायचं, असा नियम केला. ज्यांनी शाळा सुटल्यावर खताच्या पिशवीपलीकडे काही वाचलं नव्हतं, त्यांची सोमवार आला की पोटं दुखायची. उपाध्यक्षाचं तर रविवारीच दुखायचं.

आम्ही मिसिंग नोंदवली. दुपारी खबऱ्याची खबर आली.

"साहेब, उपाध्यक्षाच्या शेतात लिंबाखाली ताजी माती हाय. वर हळदकुंकू वाह्यलंय अन् नारळ फोडलाय."

ताजी माती, त्यावर हळदकुंकू. माझ्या डोक्यात आलं ते इथं लिहवत नाही. माझ्याआधी ते गावाच्या डोक्यात आलं होतं. काठ्या निघाल्या, एकजण तर उपाध्यक्षाचं घर पेटवायला रॉकेलचा डबा शोधत होता. मी उपाध्यक्षाला उचलून ठाण्यात बसवलं, तपासासाठी आणि त्याच्या जिवासाठीही. मग नायब तहसीलदार, डॉक्टर आणि दोन पंच घेऊन शेत गाठलं.

कुदळ कशाला तरी लागली. आमच्या मागोमाग आलेली अध्यक्षाची म्हातारी आई लिंबाच्या बुंध्याला मिठी मारून बसली होती. माती बाजूला सारली तर पोतं. जड, तोंड नीट शिवलेलं. एका पंचानं डोळे मिटले. दुसरा झाडामागं गेला आणि तिथूनच म्हणाला, "मला हितून बराबर दिसतंय."

हवालदारानं शिवण उसवली. आत कोऱ्या धोतरात गुंडाळलेली पुस्तकं. फक्त पुस्तकं. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुस्तकांचं शवविच्छेदन करायला आलेले ते मराठवाड्यातले पहिलेच डॉक्टर असतील.

ठाण्यात येऊन मी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या तालुक्यात लोकांनी दारं उघडून पाहिलं.

"पुस्तकं का पुरलीस?"

"मंग काय करू साहेब? जाळावं तर विद्या हाय. रद्दीत घालावं तर पाप. नुसता पाय लागला तरी आपण पाया पडतो. म्हणलं, इज्जतीत समाधी देऊ."

"आणि भाऊ?"

"त्याला मी कशाला हात लावू? तो न सांगता गेला अन् त्याचं काम मी करून राह्यलो."

"सगळी पुस्तकं पुरलीस?"

"एक घावलं न्हाई. तेच लई डोक्यात गेल्तं त्याच्या. मालकानं ओळख लपवून तळाला मजुरी करावी, तवाच धंदा कळतो, असलं काहीबाही."

मी हळूच विचारलं, "मजुरी करायची तर कुठं जाईल?"

"आष्टीकडच्या डाळमिलीची लई तारीफ करायचा," तो म्हणाला आणि खुर्चीतून उठलाच.

जीप अशी हाणली की परतूरच्या अलीकडे आमची सावली मागं राहिली. मिलीत एक माणूस पाठीवर पोतं घेऊन, डाळीच्या भुशानं पांढरा झालेला. तोच अध्यक्ष. मला पाहून कुजबुजला, "साहेब, हळू बोला. मुकादमाला माझी ओळख न्हाई."

"घरी का नाही सांगितलंस?"

"आईनं जाऊ दिलं नसतं."

मी आधी ठाण्यात फोन लावला. 'जिवंत आहे' एवढं बोललो आणि तिथल्याच पोत्यावर बसलो.

ठाण्यात आईनं त्याच्या गालावर एक ठेवून दिली, मग तोच गाल कुरवाळत राहिली. "मुडद्या, जेवला का?" तिनं विचारलं. मग ती उपाध्यक्षाजवळ गेली आणि तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो गडी तेव्हा रडला.

अध्यक्षानं त्याला विचारलं, "कंपनी बंद पडली का रे?"

"कशाला पडंल? बराबर चालू हाय. सोमवारची सभा तेवढी बंद केली."

थप्पड खाऊन पडला नव्हता एवढा अध्यक्षाचा चेहरा तेव्हा पडला.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. गुन्हेगार जागा लपवतो, तिला कुंकू लावत नाही. पुस्तकाला पाय लागला म्हणून पाया पडणारा माणूस भर सभेत कितीही ओरडला, तरी भावाला पुरणार नाही. हे मला नारळ पाहताच कळायला हवं होतं.

आता निवृत्तीनंतर धंद्यात पडणारी पोरं विचारतात, काका, काय वाचू? मी म्हणतो, काहीही वाचा. फक्त पुस्तकानं घर सोडायला सांगितलं, तर तेवढं पान आधी आईला वाचून दाखवा.