शेवंतावहिनींचा हात आणि निळा पडदा

मैत्रिणींनो, आज फार दमल्यासारखं झालंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या शेवंतावहिनींना घेऊन सकाळी राजारामपुरीतल्या नेट कॅफेत गेले होते. मुलगा दुबईला गेल्यापासून त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. वेबकॅमवर तो दिसला आणि वहिनींनी स्क्रीनच्या काचेवरच त्याच्या गालावरून हात फिरवला.

त्याच क्षणी पडदा निळा झाला. कॉम्प्युटर बंद!

"माझा हात लागला ओ बाई," त्या घाबरून म्हणाल्या.

पलीकडच्या केबिनमध्ये कॉलेजची पोरं खिदळत होती. कॅफेवाला वैतागला. "ही पोरं तिकडनं कायतरी टाइप करत्यात आणि हिकडचं मशीन बंद पडतंय. ह्या सिस्टीममध्येच खोट हाय, मॅडम. सगळी मशीनं एकाच वायरीला जोडल्यात, कुणीबी बंद पाडतंय."

मी पोरांना कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत झापलं, तर ती अजूनच हसली.

ट्रंक कॉलच्या काळी ओरडून बोलावं लागायचं, पण शेजारचा माणूस गंमत म्हणून आपली लाइन तोडू शकत नव्हता.

मशीन परत सुरू झालं. "आई, जवळ ये की, दिसंना झालीस," मुलगा म्हणत होता. वहिनी मात्र खुर्ची मागे ओढून, दोन्ही हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. तुमची काही चूक नव्हती, असं मी परत परत सांगितलं. "व्हय ओ," म्हणाल्या, पण हात काही बाहेर आले नाहीत.

तुम्हीच सांगा, त्यांना हे कसं पटवू?