तानुबाईंचा आग्रह

चिखलीत तानुबाईंच्या पंगतीतून कोणी चार पोळ्यांच्या आत उठल्याचं ऐकिवात नाही. "घ्या बाप्पा, काहीच तं खाल्लं नाही," म्हणत त्या वाढायच्या आणि पाहुणा पोटावर हात ठेवून शरण जायचा. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्या वाढलेलं विसरून पुन्हा वाढू लागल्या, तेव्हा कौतुकच झालं. एकाच माणसाला तीनदा "जेवले का?" विचारणं, याला इकडे आजार म्हणत नाहीत, माया म्हणतात.

सून जयमाला मात्र त्यांच्या मागे गॅस बंद करत फिरायची. नवरा गजेंद्र म्हणायचा, वय झालं. जाऊबाईंनी नजर लागली म्हणून उशाला लिंबू बांधलं. लिंबू सुकलं, विसरणं तेवढं ताजं राहिलं.

मग नातीला, पूनमला, पाहायला पाहुणे आले. तानुबाईंनी मुलाच्या मामाला सहावी पुरणपोळी वाढली. मामा घामाघूम, पण खूश. "असं घर पाह्यलं नाही!" सोयरीक जमल्यातच जमा होती. तेवढ्यात पूनम सुपारीचं तबक घेऊन आली. तानुबाईंनी तिला नीट न्याहाळलं.

"पोरगी देखणी हाय. कोनाची व्हय?"

घर खदखदून हसलं. "आजी लय गमती हाये!" मामा म्हणाले. पूनमही हसली, जरा उशिरा. तानुबाई उत्तराची वाट पाहत होत्या.

पाहुण्यांची गाडी वळताच जयमाला म्हणाली, "आत्याबाईंले डॉक्टरले दाखवू."

"लोक म्हनतीन, खानदानात येडेपना हाय," गजेंद्र म्हणाला. " पोरीचं लगन होऊ दे, मंग पाहू."

"लगनात आजीनं नातीवर अक्षता टाकाव्या, का 'नवरी कोनाची' म्हून इचारावं?"

गजेंद्रने मोबाइल उघडला. कर्त्या पुरुषाला नेमके अशाच वेळी महत्त्वाचे मेसेज येतात.

सोमवारी जयमाला एकटीच सासूला घेऊन एसटीने बुलढाण्याला गेली. शेजारणीला गुडघेदुखी सांगितली. गुडघ्यांना आपल्याकडे इज्जत असते.

"जेवला का बापू?" तानुबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"हो, आजी."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. डॉक्टर हसले नाहीत. दोन वर्षांत न हसलेला हा पहिला माणूस. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. म्हणाले, कधी थायरॉइड असतं, कधी एखादं जीवनसत्त्व कमी पडतं, त्यावर औषध आहे. तसं नसलं तरी लवकर कळलं, तर बरंच काही सावरता येतं.

"इतके दिवस का थांबलात?"

"पाहुणचार चालू होता," जयमाला म्हणाली.

तानुबाईंनी पिशवीतून पोळ्यांचा डबा काढून डॉक्टरांपुढे सरकवला. "घ्या बाप्पा. काहीच तं खाल्लं नाही."