साडूभाऊ भाडं बोलायला येतात

सुरतेत रिकामी पडलेली अशी एकही खोली नसेल, जी माझ्या साडूभाऊंनी आतून पाहिलेली नाही, आणि त्यातल्या एकाही खोलीत त्यांना राहायला जायचं नसतं. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात इच्छापोरला, कामाला तिथल्याच एका कारखान्यात. सुटीच्या दिवशी माणसं झोपा काढतात, नाहीतर पोराबाळांना घेऊन डुमसला भजी खायला जातात. हे गृहस्थ सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पांडेसरा, बमरोली, उधना असं करत ‘भाडे आपवानुं छे’ अशा पाट्या शोधत हिंडतात. पाटी दिसली की आत. नळ सोडून बघणार, भिंतीवर टिचक्या मारणार, संडासाची कडी आतून लागते का ते स्वतः तपासणार, आणि मालकाला एकच प्रश्न विचारणार, “किती महिन्यांपासून रिकामी आहे?” भाडं किती, हे ते कधीच विचारत नाहीत. ते मालकाच्या तोंडून आलं पाहिजे, आपण फक्त महिने विचारायचे, असं त्यांचं शास्त्र. एकदा मी बरोबर गेलो होतो. त्यांनी एका भल्या माणसाला तिन्ही मजले दाखवायला लावले, मग ते गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीत डोकावले आणि खाली येऊन म्हणाले, “छान आहे. आम्हाला नकोय.” मी शरमेनं अर्धा झालो.

ही विद्या ते मनात ठेवतील तर शपथ. नात्यातल्या एका हळदीत त्यांनी नवरदेवाच्या मामाला कोपऱ्यात गाठून तासभर धडा दिला. मामाच्या हातात जेवणाचं ताट तसंच होतं. मालकाकडे महिन्याच्या सुरुवातीला जायचं नाही, वीस तारीख उलटली की जायचं, तेव्हा त्याला पुढच्या महिन्याची काळजी लागलेली असते. शेजारच्या रिकाम्या खोल्या आधी मोजून जायचं. भाडं उतरत नसेल तर रंग मागायचा, रंग नाही तर मोटर दुरुस्त करून मागायची, तेही नाही तर वर्षभर वाढवणार नाही असं कागदावर लिहून घ्यायचं. मालकाच्या घरचा चहा प्यायचा नाही, कारण चहा प्यायला की माणसाची जीभ मऊ पडते. आपलं म्हणणं एकदाच सांगायचं आणि गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला. चीड येते ती याची, की यातलं बहुतेक खरं निघतं. त्या मामाचं भाडं खरोखर कमी झालं आणि साडूभाऊंना आवरणं मग कुणाच्याच हातात राहिलं नाही.

दिवाळीनंतर आमच्यावर पाळी आली. मी कारखान्यात तागे तपासतो, म्हणजे लूमवरून उतरलेल्या कापडातले दोष बघतो. लूमच आठवड्याला चार दिवस चालायला लागले, तेव्हा पगारही तेवढाच. गल्लीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं, लोक गावी निघून गेलेले, शेजाऱ्यांची भाडी उतरलेली, आमचं मात्र जुनंच. बायको म्हणाली, भाडं कमी करून घ्या, नाहीतर चलथाणकडे स्वस्तातली खोली बघा. पण पोरगी दहावीला, शाळा गल्लीच्या तोंडाशी. वर्षाच्या मध्येच चलथाणला गेलो असतो तर तिची दहावी बुडालीच म्हणून समजा. मी सरळ जाऊन बोललो असतो, पण बायकोनं आधीच तिच्या दाजींना, म्हणजे आमच्या साडूभाऊंना, फोन लावला होता.

दाजी आले ते गोण्या घेऊन. “पाहुणे, तुम्ही निघायच्या तयारीत आहात हे मालकिणीच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे.” आमची अंथरुणं-पांघरुणं, भांडी, पोळपाट सगळं गोण्यांत भरून त्यांनी जिन्यात मांडून ठेवलं. गाठ सोडायची नाही, असा हुकूम. वीस तारीख यायला आठ दिवस होते. आठ दिवस एकाच पातेल्यात आधी वरण आणि मग ते घासून भात. बायको नवऱ्यावर चिडते, बहिणीच्या नवऱ्यावर चिडता येत नाही, त्यामुळे तेही सगळं मीच ऐकलं.

आमची मालकीण म्हणजे तळमजल्यावरची म्हातारी गुजराती बा. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्यावर पापडीच्या शेंगा सोलत होती. सुनेनं चहा आणून ठेवला. मी प्यायलो, साडूभाऊंनी बशीकडे पाहिलंही नाही. त्यांनी आपल्या मोडक्या गुजरातीत घराची स्तुती केली, गल्लीतली कुलपं मोजून दाखवली आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसले. बासुद्धा गप्प. पापडीच्या शेंगा एकेक करून टोपलीत पडत होत्या. शेवटी साडूभाऊंनाच राहवेना. ते माझ्याकडे वळून चांगल्या मोकळ्या आवाजात अहिराणीत म्हणाले, “ती नही म्हनी तरी आपले आठेच ऱ्हानं शे, पोर दहावीले शे. पन तिले कळू देऊ नको.” म्हणजे ती नाही म्हणाली तरी आम्ही इथंच राहणार, हे तिला कळू द्यायचं नाही. आम्ही खानदेशी लोक सुरतेत हे सर्रास करतो. शेठसमोर, दुकानदारासमोर, त्याच्याच तोंडावर त्याच्याविषयी अहिराणीत बोलतो आणि आपल्याला कुणी पकडणार नाही असं धरून चालतो.

बानं मानही वर केली नाही. “माले बठ्ठं समजस, भाऊ,” ती अहिराणीतच म्हणाली. सगळं समजत होतं तिला. चाळीस वर्षं तिच्या खोल्यांत आमचेच लोक राहत आले होते, हे आम्हा दोघांच्या कसं लक्षात आलं नाही कोण जाणे.

मला ओट्याखाली शिरावंसं वाटलं. आठ दिवसांच्या गोण्या, एका पातेल्यातला भात, सगळं मातीत गेलं होतं. साडूभाऊंचा चेहरा पडला. मग त्यांनी साय धरलेला चहा उचलून एका दमात संपवला आणि अहिराणीतच म्हणाले, “बा, लूम चारच दिन चालतस. पोरनी शाळा सुटाले नको. बाकी मन्हं काहीच म्हननं नही.”

बानं टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, परीक्षा होईपर्यंत शेजारच्यांइतकंच द्या, निकाल लागला की परत बसून बोलू. आणि त्या गोण्या जिन्यातून काढा, येता-जाता माझा पाय अडखळतो.

जिन्यात येताच मी तोंड सोडलं. “साडूभाऊ, एवढंच सांगायचं होतं तर पहिल्या दिवशीच सांगायचं. आमचे हाल कशाला केले?”

ते जिन्याच्या पायरीवर बसले. “पाहुणे, आमच्या मालकानं भाडं वाढवलं होतं ना, तेव्हा मला एक शब्दसुद्धा बोलता आला नाही. नुसती मान हलवली, घरी आलो आणि सामान बांधलं. आमची पोरगी तेव्हा दहावीला होती.”

त्यांची मुलगी आता घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. तिला शाळेची आवड नसावी, असं आम्ही सगळे इतकी वर्षं धरून चाललो होतो. कुणी विचारलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आतून माझ्या पोरीचा आवाज येत होता, ती मोठ्यानं पाठ करत होती, मध्येच चुकून पहिल्यापासून सुरू करत होती. साडूभाऊ ऐकत बसले होते. इच्छापोरची बस चुकेल, असं मी सांगणार होतो, पण सांगितलं नाही.