फोडणीविना दोन दिवस

आईने दोन दिवस घरात फोडणी होऊ दिली नाही. तिच्या मनगटावरची गाठ काढायची होती. सकाळी जाऊन दुपारी परत यायचं, एवढंच काम. पण मागच्या खेपेला सगळ्यांची सरसकट कोरोनासाठी नाकातली तपासणी झाली, तिची पॉझिटिव्ह आली आणि तारीख महिनाभर लांबली. ना ताप होता, ना खोकला. महिनाभर ती रात्रंदिवस गाठ चाचपत राहिली. आता डॉक्टरांसमोर साधा ठसकाही लागू नये, म्हणून हा बंदोबस्त.

नाकात घालायच्या काड्यांचा खोका डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच होता. आईची नजर त्यावरून हलेना.

"ताप, सर्दी, घसा? घरात कुणी आजारी?" बाईंनी विचारलं आणि प्रत्येक उत्तरासाठी थांबल्या. तिचा घसाही पाहिला. मग म्हणाल्या, "तपासणी नको, मावशी. चला आत."

मी त्या खोक्याकडे बघत टेबलापाशीच बसून राहिलो. सगळ्यांच्या नाकात काडी घालणं सोपं. नको म्हणायचं तर समोरच्या माणसाकडे आधी नीट बघावं लागतं, आणि उद्या काही झालंच तर जबाबदारीही आपलीच.

गाठ चरबीची, साधीच निघाली.

दुपारी पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून आईने मला स्वयंपाकघरात पिटाळलं. "मिरची टाकताना हात आखडू नकोस."

तेलात मिरची तडतडली, आणि बाहेर खुर्चीत बसून आई मनसोक्त खोकली.